काखेत मशक, गावाला वळसा : इटलीची झांपोन्या

टायबरकाठ (धागाकर्ता)

परवा लष्करी बँडच्या धाग्यावर कुणीतरी "बॅगपाइप म्हणजे स्कॉटलंड, बाकी सगळी नक्कल" असं ठोकून दिलं. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. गढवाल-कुमाऊँकडची मशकबीन (तिकडची बॅगपाइप) ब्रिटिश पलटणींमुळे आली, हे खरं. पण इटलीने ही उसनवारी केलेली नाही. रोमन चरित्रकार सुएटोनियस सम्राट नीरोबद्दल लिहितो, की सत्ता शाबूत राहिली तर विजयोत्सवात आपण स्वतः पाण्यावरचा ऑर्गन, बासरी आणि मशकवाद्य वाजवू, असा नवस त्याने केला होता. सत्ता गेली, त्यामुळे रोमकर वाचले.

मी रोमला असतो आणि गेली काही वर्षं रोमच्या आग्नेयेकडच्या चोचारीयाच्या डोंगरातल्या एका वयस्कर वादकाकडे झांपोन्या, म्हणजे इथलं मशकवाद्य, शिकतोय. अजून विद्यार्थीच आहे, त्यामुळे जाणकारांनी भर घालावी.

आधी रचना. स्कॉटिश पाइपात धून वाजवायची नळी एकच, दोन्ही हात तिच्यावर, आणि सूर धरणाऱ्या तीन नळ्या खांद्यावर उभ्या. झांपोन्यात खांद्यावर काहीच नाही. पिशवीच्या तोंडाला लाकडाचा एक गोल ठोकळा असतो, त्याला चेप्पो म्हणतात. सगळ्या नळ्या त्यातच खोचलेल्या आणि खाली लोंबणाऱ्या. त्यातल्या दोन वाजवायच्या : एक उजव्या हाताला, एक डाव्या. उरलेल्या सूर धरतात. म्हणजे उजव्या हाताने वरची धून, डाव्याने खालची साथ, आणि पाठीमागे अखंड षड्ज. पेटीवाल्याचा एक हात भात्यात अडकतो. इथे भाता काखेत असल्याने दोन्ही हात मोकळे. एका माणसात छोटा वाद्यवृंद बसतो तो असा.

पिशवी परंपरेने बकऱ्याच्या किंवा मेंढीच्या अख्ख्या कातड्याची. कातडं पोटाला चीर न देता मोज्यासारखं उतरवायचं, केस आत जातील असं उलटायचं. मानेच्या जागी चेप्पो, पुढच्या एका पायाच्या जागी फुंकायची नळी, बाकीची भोकं घट्ट बांधून टाकायची. आतले केस फुंकेतला ओलावा शोषतात.

प्रकार एवढे आहेत की सगळे सांगत बसत नाही. दक्षिणेतल्या मोलीझे, कांपानिया, बासिलीकाता या प्रांतांकडे "आ क्यावे", म्हणजे चावीवाली : डावी नळी इतकी लांब की शेवटच्या भोकापर्यंत करंगळी पोहोचत नाही, म्हणून धातूची चावी. ही मापतात वितीत (पाल्मो), आणि मोठ्या मापाच्या वाद्यात डावी नळी उभ्या माणसाच्या गुडघ्याकडे जाते. लात्सियो-अब्रुत्सोकडे "त्सोप्पा", तिथेही दोन नळ्या असमान, पण चावी नाही. दक्षिण कालाब्रिया आणि सिसिलीत "आ पारो", दोन्ही नळ्या सारख्या लांबीच्या. आणि पोल्लीनो डोंगराच्या आसपास सुर्दुलीना, एवढीशी, पण आवाज ऐकाल तर दचकाल.

वाजवण्याबद्दल प्रतिसादांत बोलू. हात दुखतोय (काख खरं तर).

---

सनईवेडा

वा, मस्त विषय. वाचनखूण साठवली.

आमच्या घरात दोन पिढ्या सनई-चौघडा. त्यामुळे पहिला प्रश्न पत्तीचा. झांपोन्याची पत्ती सनईसारखी दुहेरी, की पुंगीसारखी एकेरी जीभ कापलेली? दुसरं : आमच्याकडे एक जण धून वाजवतो आणि शेजारचा फक्त सूर धरून बसतो. तो सूरवाला गाल फुगवून श्वास फिरवत राहतो, तुटू देत नाही. तुमच्याकडे ते काम मशकच करते म्हणायची. मग वादकाने फक्त बोटं हलवायची का? मजा आहे राव.

---

टायबरकाठ

सनईवेडा, नेमकं विचारलंत. पत्ती दोन्ही प्रकारची. चावीवाल्या झांपोन्यात सगळ्या नळ्यांना दुहेरी, म्हणजे सनईच्या घराण्यातली. सिसिली-कालाब्रियाच्या आ पारोत आणि सुर्दुलीनात एकेरी, पुंगीच्या घराण्यातली. आवाजात फरक लगेच कळतो : दुहेरीवाली भरदार आणि गोल, एकेरीवाली धारदार. पत्तीचं गवत नदीकाठी वाढणारा नळ. हिवाळ्यात कापतात आणि दीर्घकाळ वाळत ठेवतात.

"फक्त बोटं हलवायची" म्हणालात त्यावर माझे गुरुजी हसून लोळले असते. मशकेमुळे सूर तुटत नाही हे खरं, पण तो *स्थिर* ठेवायची जबाबदारी काखेवर येते. फुंकर आत जाताना काख सैल सोडायची, श्वास घ्यायला तोंड सोडलं की तेवढ्याच जोराने दाबायची. ही अदलाबदल जरा चुकली की दाब बदलतो, आणि दाब बदलला की सूर डुलतो. दुहेरी पत्ती तर फारच नाजूक मनाची. नवशिक्याला म्हणूनच धून देत नाहीत. वाजवायच्या दोन्ही नळ्यांना बूच मारायचं आणि नुसता धरलेला सूर वाजवत बसायचं, सरळ रेघ ओढल्यासारखा येईपर्यंत. कंटाळा येतो. पण जो इथे कंटाळून पळतो त्याची झांपोन्या पुढे आयुष्यभर झोके खाते.

दुसरी अडचण : पत्ती पिशवीच्या आत, ओठात नाही. सनईत तुम्ही ओठ आवळून मींड काढता, जिभेने सूर तोडता. इथे जिभेला कामच नाही. एकच स्वर लागोपाठ दोनदा वाजवायचा असेल तर? मधे दुसऱ्या बोटाने क्षणभर दुसरा स्वर चिमटीत पकडल्यासारखा काढायचा, म्हणजे कानाला दोन स्वर वेगळे लागतात. बाहेरच्या माणसाला तो दागिना वाटतो, वादकासाठी ती गरज असते. फक्त सुर्दुलीनात नळीचं टोक बंद असल्याने सगळी भोकं झाकली की ती गप्प होते, म्हणून तिच्यात तुटक, टपटप वाजवता येतं.

---

खवचट_काका

सगळं ठीक, पण बकऱ्याच्या कातड्यात तोंड घालून फुंकायचं? वास? आणि आमच्यासारख्या शाकाहारी घरात हे ठेवायचं कुठे, तुळशीपाशी?

---

टायबरकाठ

काका, तोंड लाकडी नळीला लागतं, बकऱ्याला नाही. :) वास नव्या कातड्याला येतो, पुढे जातो (किंवा आपल्याला सवय होते, घरच्यांना विचारावं). तुमच्यासाठी सोय आहे : बरेच वादक हल्ली आत मोटारीच्या चाकाची रबरी ट्यूब वापरतात आणि वरून लोकरीचं किंवा नकली फरचं कव्हर चढवतात. नव्या श्वास घेणाऱ्या कृत्रिम कापडाच्या पिशव्याही आल्या आहेत. बाजारातल्या केसाळ झांपोन्याकडे बघून "बिचारी मेंढी" म्हणणाऱ्या पर्यटकांना हे सांगू नये, त्यांचा मूड जातो.

माझं मत : रबरी ट्यूब टिकते, कातड्याची निगा लागते. पण ट्यूब ओलावा शोषत नाही, तो सगळा पत्त्यांवर जाऊन बसतो आणि अर्ध्या तासात वाद्य उतरतं. कातडं ते सावरून घेतं.

---

केतकी_बर्गामो

उत्तरेला विसरलात की हो! आम्ही लोंबार्दीवाले रागावू.

बर्गामोच्या खोऱ्यांत, विशेषतः वाल गांदीनोत, "बाघेत" आहे. ती तुमच्या झांपोन्यासारखी दोन हातांची नाही. वाजवायची नळी एकच, आणि सूर धरणाऱ्या वेगळ्या. शेतकरी ती हिवाळ्यातच काढायचे, नाताळ ते एपिफनी (६ जानेवारीचा सण). गोठ्यात गुरांच्या उबेला माणसं जमायची, तिथे वाजायची. शेतीची कामं सुरू झाली की पिशवी गुंडाळून ठेवलेली. मधे ती जवळजवळ संपली होती; म्हाताऱ्या वादकांकडची वाद्यं आणि धुना गोळा करून लोकांनी पुन्हा उभी केली. एमिलियाच्या डोंगरात "पीवा" होती, तिचीही तीच गत.

पाविया, आलेस्सांद्रिया, पियाचेन्झा आणि जेनोवा हे चार जिल्हे जिथे भिडतात तिथे "म्यूझा" आणि "पिफ्फेरो" ही जोडी. पिफ्फेरो म्हणजे सनईवेडांच्या ओळखीचं, दुहेरी पत्तीचं वाद्य. त्याच्या कर्ण्यात कोंबड्याच्या शेपटीचं पीस खोचलेलं असतं. मला आधी वाटलं शोभेसाठी, पण पत्ती साफ करायला तेच वापरतात. विसाव्या शतकात अकॉर्डियन आला आणि त्याने म्यूझाला हुसकावलं. पिफ्फेरो मात्र हटला नाही, अकॉर्डियनसोबत आजही लग्नात आणि जत्रेत वाजतो.

---

सनईवेडा

कोंबड्याचं पीस! हे घरी सांगतो.

अकॉर्डियनने मशकेला हुसकावलं हे ऐकून नवल वाटलं नाही. आमच्याकडे बँडवाल्यांच्या क्लॅरिनेट-ट्रम्पेटने हेच केलं.

---

मुडपलेलं_पान

मी पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या बाजूने भर घालतो. संगीतकार हॅन्डेल साधारण १७०६ ते १७१० इटलीत होता. त्याच्या 'मसाया' या धार्मिक गायनकृतीत (१७४१) मेंढपाळांच्या प्रसंगाआधी एक छोटा वाद्यतुकडा आहे, त्याला त्याने "पिफा" नाव दिलंय, म्हणजे नाताळात डोंगरातून शहरात येणाऱ्या पिफ्फेरोवाल्यांचाच उल्लेख. कोरेल्लीच्या नाताळच्या कॉन्चेर्तोचा (प्रकाशन १७१४) शेवटही असाच. दोन्हीकडे लय बाराआठची (१२/८), हिंदोळणारी, आणि खाली एक लांबलचक धरलेला सूर. व्हायोलिनवाले जे करतायत ती सरळसरळ झांपोन्याची नक्कल. पुढे बर्लिओझ १८३१-३२ मध्ये रोमला राहिला, तेव्हा त्याने हे वादक रस्त्यात ऐकले. 'हॅरल्ड इन इटली'त (१८३४) तिसरा भाग अब्रुत्सोच्या डोंगरी माणसाने प्रेयसीसाठी गायलेल्या सेरेनेडचा आहे.

पण टायबरकाठ, एक तक्रार. गेल्या डिसेंबरात नापोलीला होतो. सान ग्रेगोरिओ आर्मेनोच्या गल्लीत, जिथे नाताळच्या देखाव्यातल्या मूर्ती विकतात, तिथे मातीचा झांपोन्यावाला दर दुकानात होता. आणि कोपऱ्यावर मेंढीच्या कातड्याचं जाकीट घालून हाडामांसाचे दोघे उभे. एकच धून पुन्हा पुन्हा, समोर टोपी. मला तरी ते नाटक वाटलं. हे वेषांतर करून पैसे गोळा करणारे, की खरे परंपरेचे लोक?

---

टायबरकाठ

मुडपलेलं_पान, माहितीबद्दल धन्यवाद, कोरेल्लीचं मी लिहिणारच होतो.

तक्रारीबद्दल मात्र असहमत. पैसे हा या परंपरेवरचा डाग नव्हेच, पैशासाठीच ती उभी राहिली. अब्रुत्सो, मोलीझे, चोचारीयाचे मेंढपाळ आणि गरीब शेतकरी हिवाळ्यात जोडीने निघायचे. दोन नोव्हेना, म्हणजे नऊ-नऊ दिवसांचे पाठ : ८ डिसेंबरच्या मारियेच्या (येशूच्या आईच्या) सणाआधी एक, नाताळाआधी एक. रोम आणि नापोलीत भिंतींवर मारियेच्या तसबिरी असतात, त्यांच्यापुढे आणि घरोघरी जाऊन वाजवायचं. ठरलेली घरं, ठरलेला मोबदला. गावाकडे घर त्यावर चालायचं. एकोणिसाव्या शतकात हेच लोक पॅरिस-लंडनच्या रस्त्यांपर्यंत गेले.

जोडी महत्त्वाची. एक झांपोन्यावाला, बहुधा वयाने मोठा. दुसरा चारामेल्लावाला, म्हणजे छोट्या सनईवाला. धून चारामेल्ला वाजवते, झांपोन्या खाली स्वरांची सतरंजी अंथरते. चारामेल्ला थेट ओठात असल्याने ओठ थकतात, म्हणून तो अधूनमधून वाद्य काढून कडवं गातो. तेवढ्यात झांपोन्या एकटी चालू.

आणि ती "एकच धून" म्हणजे बहुतेक 'तू शेन्दी दाल्ले स्तेल्ले', संत आल्फोन्सो दे लिग्वोरींनी अठराव्या शतकात केलेलं नाताळगीत. ते झांपोन्याच्या चालीच्या इतकं जवळ आहे की कुणी कुणाकडून घेतलं यावर अजून वाद होतात. लोक तेच मागतात, म्हणून तेच वाजतं. आपल्याकडे लग्नात सनईवाल्याला मारवा वाजवायला कोण सांगतं?

खरे-खोटे ओळखायची माझी साधी कसोटी : दहा मिनिटं थांबा. मधे थांबून वाद्य लावतो तो वादक. लावायची गरजच ज्याला वाटत नाही तो जाकीटवाला.

---

रश्मी_को

"वाद्य लावतो" म्हणजे नक्की काय करतो? तंबोऱ्याला खुंट्या असतात, इथे काय पिळणार?

---

टायबरकाठ

रश्मी, हा माझा आवडता भाग, म्हणून जरा लांबतो.

पिळायला खरंच काही नाही. आहे ते मेण. गुरुजींच्या चेप्पोच्या मागच्या बाजूला मधमाशीच्या मेणाचा एक काळपट गोळा कायम चिकटवलेला असतो. वाजवायला बसले की आधी फुंकून वाद्य गरम करायचं, थंड पत्तीवर सूर जुळवून उपयोग नसतो. मग धरलेला सूर आणि डाव्या नळीचा मुख्य स्वर एकमेकांशी भिडवायचे. जुळत नसतील तर नळी चेप्पोतून ओढून पत्ती बाहेर काढायची. पत्तीच्या बुडाला दोरा गुंडाळलेला असतो. दोऱ्याचा एखादा वेढा कमी-जास्त करून पत्ती आत सरकवली की सूर चढतो, बाहेर ओढली की उतरतो. हे झालं सगळ्या नळीचं.

मग एकेक भोक. समजा उजव्या हाताचा एकच स्वर चढा लागतोय. गुरुजी गोळ्यातून नखाएवढं मेण काढतात, अंगठा आणि तर्जनीत मऊ करतात आणि भोकाच्या *वरच्या* कडेला, पत्तीकडच्या बाजूला, चिकटवतात. भोक लहान होतं, स्वर उतरतो. वाजवून बघायचं, पुन्हा नखाने किंचित खरवडायचं. जुन्या झांपोन्याची भोकं जवळून बघा, एकही गोल नसतं. प्रत्येकाला मेणाची वेगळी भुवई. भोकं मुळात जरा मोठी पाडायची आणि मेणाने लहान करायची, म्हणजे कारागीर दोन्हीकडे जायला जागा ठेवतो.

यात आणखी एक गोम. हे स्वर पियानोच्या स्वरांशी जुळवायचे नसतात. ते जुळवायचे त्या धरलेल्या सुराशी. गांधार पियानोपेक्षा थोडा खाली बसला की सगळं वाद्य एकदम गुंजायला लागतं. आपल्या कानाला ते चटकन पटतं. नवे कारागीर गिटार-अकॉर्डियनबरोबर वाजावं म्हणून पियानोप्रमाणे लावतात. सोय आहे, मान्य. पण गुंजन गेलं ते गेलंच.

---

खवचट_काका

मेणाची भुवई आवडली. म्हणजे वाजवणं कमी, डागडुजी जास्त.

---

टायबरकाठ

काका, चोचारीयात कुणाशीही बोला, तो हेच सांगेल. ज्याला पत्ती करता येत नाही त्याला इथे अर्धाच वादक समजतात.

---

दक्षिणायन

कालाब्रियात कामानिमित्त बराच काळ राहिलोय. एक गैरसमज दूर करतो. धाग्यावर सगळे नाताळात अडकलेत. आस्प्रोमोन्तेच्या डोंगरात झांपोन्या म्हणजे नाच. सप्टेंबरच्या सुरुवातीला पोल्सीच्या मारियेची जत्रा भरते, तिथे रात्रभर आ पारो आणि तांबुरेल्लो, म्हणजे डफलीसारखं झांजा लावलेलं वाद्य. माणसं गोल करून उभी राहतात, मधे फक्त दोघं नाचतात. कोण आत येणार, कोण बाहेर जाणार हे एक जण ठरवतो, त्याला नाचाचा मास्तर म्हणतात. तो "फोरा ऊ प्रीमू" म्हणाला की पहिल्याने मुकाट बाहेर पडायचं, पुढचा आत. तिथे हुज्जत चालत नाही.

या संगीतात सुरुवात-शेवट असलेली धून शोधू नका. दोन-दोन मात्रांचे छोटे तुकडे असतात, वादक ते फिरवतो, उलटवतो, नाचणाऱ्याच्या पायाकडे बघून पुढचा तुकडा निवडतो. शहरातल्या मंचावर बसून ऐकलं तर "तेच तेच" वाटतं. पोल्लीनोच्या मारियेच्या जत्रेत जुलैच्या सुरुवातीला सुर्दुलीनावाले असेच डोंगरावर जातात, वाजवत.

आणि सार्दिनियाचं लाउनेद्दास राहिलं. तीन नळ्या, तिन्ही तोंडात, मशक नाहीच. श्वास गालातून फिरवायचा. पोरांना आधी पेल्यातल्या पाण्यात नळीने बुडबुडे काढायला लावतात, बुडबुडे थांबता कामा नयेत. सनईवेडा, हे वाद्य तुमचं.

---

सनईवेडा

बुडबुड्यांचा रियाज आमच्याकडेही आहे! आजोबांनी मला तांब्याभर पाण्यात नळी घालून बसवलेलं.

---

नवखा_वारकरी

सर्वांना धन्यवाद, अप्रतिम धागा. एक व्यावहारिक प्रश्न. ऑनलाइन स्वस्तातली झांपोन्या दिसतेय, केसाळ, सुंदर. पुण्यात बसून शिकता येईल का? पावसाळ्यात पत्त्यांचं काय? आणि पुढच्या उन्हाळ्यात इटलीला जाणं आहे, तर कुठे बघता येईल?

---

टायबरकाठ

नवखा_वारकरी, ती स्वस्तातली घेऊ नका. भिंतीवर टांगायची असेल तर गोष्ट वेगळी. तसल्या वाद्यात नळीचं भोक आतून नीट निमुळतं कोरलेलं नसतं, मेणाने काहीही सावरत नाही, आणि तुम्हाला वाटत राहतं की आपल्यालाच जमत नाहीये. चांगलं वाद्य ऑलिव्ह किंवा चेरीच्या लाकडाचं, कारागिराकडे नाव नोंदवून थांबावं लागतं.

आधी नुसती चारामेल्ला घ्या. स्वस्त पडते, बोटं बसतात, आणि पुण्यात सनईवाला गुरू मिळाला तर फुंक तरी नीट शिकाल.

पावसाळा : पत्त्या हवाबंद डबीत नको, बुरशी धरते. भोकं पाडलेल्या डबीत, सुक्या जागी ठेवा. आणि कातड्याऐवजी कृत्रिम पिशवीच घ्या, पुण्याच्या जुलैत कातडं कुजेल.

बघायचं तर स्कापोली. मोलीझेत, इसेर्नियाजवळ, माइनार्दे डोंगराच्या पायथ्याला, हजाराच्या आत वस्ती. गावात झांपोन्याचं संग्रहालय आहे, कारागिरांची कामाची जागा आहे, आणि १९७५ पासून उन्हाळ्यात झांपोन्याचा महोत्सव भरतो, एरवी जुलैच्या शेवटाला. तारखा गावाच्या नगरपालिकेकडून खात्री करून मगच तिकीट काढा. इसेर्नियापर्यंत ट्रेन चालू आहे का ते आधी बघून घ्या. पुढे बस असते, पण रविवारी तिच्या भरवशावर राहू नका, गाडी भाड्याने घ्या. संग्रहालय दुपारी बंद असण्याची शक्यता धरूनच चाला, इटली आहे.

गुरुजींचं गाव तिथून जवळ आहे. यायचं नक्की झालं की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी विचारून ठेवतो. सोबत पुण्याहून चांगल्या सनईच्या दोन-चार पत्त्या आणा. त्यांना त्या चारामेल्लावर लावून बघायच्या आहेत, केव्हाचे मागे लागलेत.

---

सनईवेडा

पत्त्या मी देतो. व्यनि केलाय.